वरच्या बंद फ्लॅटचा नळ

मंडळी, आज सकाळी मी चहा ठेवत होते, तेवढ्यात बाथरूमकडून धाडकन आवाज आला. जाऊन बघते तर छताच्या स्लॅबचा मोठा तुकडा खाली पडलेला अन् आतल्या सळया गंजून उघड्या. थोड्या वेळापूर्वी मी तिथंच अंघोळ केली होती.

परभणीतली आमची बिल्डिंग जुनी हाय. बाकीचे सगळे लेकरांकडं पुण्याला गेले, आता राहते मी एकटीच. "वरून पाणी गळायलंय," असं बिल्डिंगच्या ग्रुपवर कितीदा लिहिलं. सगळे अंगठा टाकून मोकळे!

दुपारी इंजिनिअर आला. वरच्या मालकानं फोनवर होकार दिला, तवा कुठं कुलूप तोडलं. आत बाथरूमचा नळ ठिबकत होता. मोरी तुंबून फरशीवर पाणी साचलेलं.

"काकू, बंद घरात पाणी येतंय कुठून?" त्यानं विचारलं.

गच्चीवरच्या टाकीतून. टाकी सगळ्यांची एकच, अन् मोटार लावून ती रोज मीच भरते. माझ्याच हातानं माझं छत सडायलं होतं.

छताला टेकू लावून, "बाथरूममधी जाऊ नका," असं बजावून तो गेला. जायच्या आधी वरचा नळही त्यानं बंद केला.

आता घर लय शांत झालंय. खरं सांगू? ती टपटप ऐकतच मला झोप लागायची. वर कोणीतरी हाय, असं वाटायचं.

तुमचाही फ्लॅट कुठं कुलपात हाय का? त्याच्याखाली कोण राहतं, ठाऊक हाय? एक फोन करा. नळाचं निमित्त पुरे.