लॅमिनेट केलेलं पोस्टर
तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला इंदूरजवळच्या राऊ गावातली ती भाड्याची खोली आठवते. नोकरी नवी होती, इंदूरमध्ये ओळखीचं कुणी नव्हतं, आणि रिकाम्या संध्याकाळी मी जुन्या सायकेडेलिक रॉक मैफलींची पोस्टरं जमवू लागलो होतो. एक थेट अमेरिकेहून मागवलं होतं, नारिंगी-जांभळं, वितळल्यासारख्या अक्षरांचं. ते पहिल्या छपाईचं की नंतरच्या, हे कागदाच्या जाडीवरून कळणार होतं आणि ती मोजायला मागवलेला मायक्रोमीटर अजून यायचा होता. तेवढ्यात गावाहून वडील आले. मी ऑफिसातून परतलो तर पोस्टर टेबलावर चकाकत होतं. "राजवाड्याच्या बाजारात जाऊन लॅमिनेट करून आणलं," ते खुशीत म्हणाले. "दुकानवाला म्हणाला, बाऊजी, अब पानी भी गिर जाए तो टेंशन नहीं. तुझ्या डिग्रीचं नाही का केलं होतं?" घरातली ती पहिली डिग्री होती, आणि जपायचा कागद आमच्याकडे असाच जपतात. "छान केलंत, बाबा," मी म्हणालो. मग त्यांनी चष्मा लावला. "पण हे वाचायचं कसं रे? वाचून दाखव बघू." मी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचत गेलो आणि ते माझ्या मागून एकेक इंग्रजी शब्द जुळवत राहिले. सकाळच्या बसनं ते परत गेले. आता पोस्टर माझ्या स्वतःच्या घरात भिंतीवर आहे. कागद प्लास्टिकमध्ये बंद झाल्यानं त्याची जाडी मोजता आली नाही; छपाई कोणती, ते कधीच कळलं नाही. येणारे रंगांचं कौतुक करतात. वाचून दाखव, असं वडिलांनंतर कुणी म्हटलेलं नाही.