मेश्राम सरांच्या घरचं पाणी

आदरणीय मेश्राम सरांची आणि माझी ओळख दोन डब्यांवरून झाली. भिलाईच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नवाच रुजू झालो होतो. सरांनी समोर एकाच मापाचे दोन बंद डबे ठेवले, एक पाण्याचा, एक आम्लाचा, आणि उचलायला सांगितले. पाण्याचा सहज उचलला गेला. आम्लाच्या डब्याने मात्र हात खाली ओढला.

"लिटर दोन्हीत सारखेच हायेत," सर म्हणाले. "मंग हात कावून खचला, सांगा."

पाण्याचा लिटर म्हणजे किलो, हे पाण्यापुरतंच खरं. तेलाला, आम्लाला तेच लावाल तर तोंडघशी पडाल, हे त्यांनी आमच्याकडून घोकून घेतलं. टँकर काट्यावर किलोत तोलला जाई, माल टाकीत लिटरने उतरे, आणि घनता मोजल्याशिवाय सर मधला हिशेब करू देत नसत. कोणी घाई केली तर "टँकर पळून चालला का, बाप्पा?" एवढंच म्हणत. त्यांचा राग तेवढाच.

लग्नानंतर मी हुडको वसाहतीत बिऱ्हाड मांडलं, तेव्हा सर आणि काकू रुआबांध्याच्या आपल्या घरून सायकल रिक्षात पाण्याचं स्टीलचं पिंप घेऊन आले. "घरात आल्या मानसाले पयले पानी," सर म्हणाले. ते पिंप अजून आमच्या स्वयंपाकघरात आहे.

आता सरांची मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. एक दिवसाआड डायलिसिस असतं. सर सकाळी काट्यावर उभे राहतात आणि स्वतःच सांगतात, दोन किलो वाढलो, म्हणजे दोन लिटर अंगात साचलं. काकू दिवसभराचं पाणी तोलून तांब्यात काढून ठेवतात. चहा, वरण, गोळीबरोबरचा घोट, सगळं त्यातलंच. जन्मभर दुसऱ्यांच्या टाक्या मोजलेल्या माणसावर ही वेळ यावी, याचं मला फार वाईट वाटतं.

त्यांना तहान आठवू नये म्हणून प्रयोगशाळेतल्या आपल्या मंडळींनी त्यांच्यासमोर पाणी पिणं सोडलं. काकू पेले आणत; आपण म्हणत असू, नको, आत्ताच पिऊन आलो. पंच्याहत्तरीच्या या सोहळ्याचं आमंत्रण घेऊन आम्ही गेलो, तेव्हाही तेच झालं.

तेव्हा सर म्हणाले, "माह्या बापाच्या हातचं पानी गावात कोनी पेत नव्हतं. मी शिकलो, भिलाईले आलो, तवा लोकं पिऊ लागले. आता तुमी बी थांबले. कावून थांबले, ते मले समजते जी. पन भरला पेला तसाच आत जाते, अन् तुमची काकू रोज पाहून राहिली."

काकू दारात उभ्या होत्या. आम्ही पेले उचलले. सगळं पाणी संपवलं. सर कोरड्या ओठांनी आमच्याकडे पाहत होते, आणि कितीतरी दिवसांनी त्यांचा चेहरा मोकळा दिसला.

पंच्याहत्तरीच्या लेखाचा शेवट कसा करतात, हे मला ठाऊक आहे. पण सरांनी आधीच बजावलं आहे, "निरोगी गिरोगी लिवू नका, मोजमाप चुकते." म्हणून लिहीत नाही. सरांना पुष्कळ वर्षं लाभोत, आणि त्यांच्या वाट्याचा प्रत्येक घोट त्यांना गोड लागो. सोहळ्यानंतर आपण सगळे त्यांच्या घरी जाऊच. काकूंकडे पाणी मागा, आणि पेला रिकामा करूनच खाली ठेवा.