कडू लागते का?

धाकट्या भावाला मी मारलं ते त्याचा जीव वाचवायला. त्या दुपारी मला तसंच वाटत होतं.

कपाशी त्या वर्षी डोक्याच्या वर गेली होती आणि बोंडअळीच्या धास्तीनं सगळीकडे फवारण्या चालू होत्या. आमचं शेत आर्णी रस्त्याला. दोन औषधं एकत्र करून भाऊ सकाळपासून फवारत होता, तोंडाला नुसता रुमाल. मास्कनं जीव गुदमरतो, रुमाल पुरे, हे मीच सांगितलेलं. मी बारावी सायन्स, कचेरीत कारकून. दुखण्याखुपण्यात घरात माझाच शब्द शेवटचा.

दुपारी तो धुऱ्यावर, शेताच्या बांधावर येऊन ओकला. अंगभर घाम, तोंडातून लाळ. डबा घेऊन आलेल्या त्याच्या बायकोनं धावत जाऊन रस्त्यावरचा ऑटोवाला आणला. मी दोघांना अडवलं. म्हटलं, आधी विष चढलं का ते पाहू.

आमच्याकडे साप चावला की कडुलिंबाचा पाला चावायला देतात. कडू लागला तर विष नाही, बेचव लागला तर चढलं. लहानपणी मला साप चावला तेव्हा पाला कडू लागला होता, आणि मी जगलो. तो साप बिनविषारी असेल, हे इतक्या वर्षांत कधी मनातही आलं नाही. मी जिवंत आहे, एवढा पुरावा मला पुरत होता.

पाला ओरबाडून मी भावाच्या तोंडात कोंबला. तो थुंकला. मी कानाखाली मारली, परत कोंबला आणि जबडा दाबून धरला. त्याच्या दातांनी माझं बोट फुटलं. रक्त आणि हिरवा रस त्याच्या हनुवटीवरून ओघळत होता.

"सांग, कडू लागते का?"

मी आणखी एक ठेवून दिली.

"कडू... कडू लागते, भाऊ."

मी निश्चिंत झालो. ऊन लागलं, म्हणालो. त्याची बायको सांगत होती, डोळ्यांतल्या बाहुल्या मोहरीएवढ्या झाल्यात. ऑटोवाला मला म्हणाला, "बाबूजी, पाल्यानंच समजते तं सरकारनं डॉक्टर कायले ठेवले?" तो भावाला उचलायला वाकला, तशी मी त्याची कॉलर धरून त्याला कपाशीच्या पऱ्हाटीत ढकललं.

तासाभरानं भावाला झटके आले. डोकं फवारणीच्या पंपावर आपटून कपाळ फुटलं. माझ्यासमोर कधी वर मान न केलेल्या त्याच्या बायकोनं पंपाची नळी उचलून माझ्या तोंडावर हाणली आणि ऑटोवाल्याच्या मदतीनं त्याला उचललं. मी मागच्या सीटवर त्याचे पाय धरून बसलो.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, त्रास कधीपासून? मी अर्धा तास म्हणालो. भावाच्या बायकोनं खरं सांगितलं.

भाऊ वाचला. डावा डोळा गेला, हात कापतात.

परवा डॉक्टरांनी मला रक्तदाबाची गोळी लिहून दिली. मी भावाकडे बसून सांगत होतो, शेजाऱ्याचा दाब नुसत्या लसणानं उतरला, गोळीचं नंतर बघू. त्यानं चहाचा कप दोन्ही हातांनी खाली ठेवला.

"भाऊ, त्या दिवशी मले कायचीच चव लागून नोयती राह्यली. तू मारून राह्यला होता, म्हून कडू म्हनलो."

मी खिशातली गोळी काढून त्याच्यासमोरच गिळली. त्यानं पाहिलं की नाही, कळलं नाही. नजर गेलेला डोळा माझ्या बाजूला होता.