साडभाऊ पत्ता विचारत नाहीत

पत्ता विचारण्यापेक्षा माणसानं हरवलेलं बरं, असं मनापासून मानणारा गृहस्थ अख्ख्या नागपुरात एकच असेल आणि तो नेमका माझ्या वाट्याला आला आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान, म्हणजे नात्यानं माझे साडभाऊ. मी त्यांना भाऊजी म्हणतो. नागपुरात जन्मलेल्या माणसानं नागपुरात पत्ता विचारणं हा त्यांच्या मते गावाचा अपमान. एकदा मिहानकडच्या लग्नाला म्हणून निघालो, तर त्यांनी सगळ्या वऱ्हाडाला भलत्याच दिशेला, हिंगण्याच्या कारखान्यांमध्ये नेऊन उभं केलं. वर चूक त्यांची नव्हतीच. मंगल कार्यालय चुकीच्या जागी बांधलं होतं. फोनमधली बाई डावीकडे वळा म्हणाली की ते उजवीकडे वळतात आणि तिलाच रागावतात. शहराच्या खुणाही त्यांच्या स्वतःच्या. कुठल्याही घराचा पत्ता ते जवळच्या बारवरून सांगायचे, माझ्या पोरांच्या शाळेचासुद्धा.

कारण भाऊजी प्यायचे. भरपूर प्यायचे, आणि प्यायल्यावर फार उदार व्हायचे. ऐन मे महिन्यात त्यांनी घरातला कूलर रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसाला देऊन टाकला आणि सकाळी तो चोरीला गेला म्हणून गल्लीभर ओरडत फिरले. आम्ही हसायचो. ताई, म्हणजे त्यांची बायको, हसत नसे. एके दिवशी भांडण नाही, तंटा नाही, तिनं बॅग भरली आणि ती रामटेकला भावाकडे निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "त्या बगिच्याजवळच्या लेआउटमधी रविवारी सकाळी दारू सोडणाऱ्यायची मीटिंग असते म्हणतात. तिथं जाऊन बसा. मंग मी येतो."

ताईशिवाय घरात साखरेचा डबा कुठला आणि मिठाचा कुठला हेही भाऊजींना कळेना. मीटिंगला जायचं त्यांनी खरोखर मनावर घेतलं. अडचण एकच होती. त्या लेआउटमध्ये, म्हणजे एवढ्या वसाहतीत, मीटिंग नेमकी कुठं, हे कुणाला तरी विचारावं लागणार होतं. मी विचारतो म्हटलं तर त्यांनी मला शपथ घातली. त्यांच्याकडे शास्त्र तयार होतं: "पेणारा मानूस मले पाठीवरून समजते. त्याच्या मागं गेलो का मीटिंग सापडलीच समज."

मग आमचे रविवार सुरू झाले. भाऊजी दुपट्टा असा गुंडाळायचे की फक्त डोळे दिसावेत. नागपूरच्या उन्हात त्याकडे कोणी वळूनही बघत नाही. पहिला माणूस ज्याच्या मागं आम्ही गेलो, तो पिठाच्या गिरणीत गेला. दुसऱ्याच्या चालीवर भाऊजींचा फार विश्वास होता, पण त्याचा पाय मुरगळला होता आणि तो हाडवैद्याकडे निघाला होता. तिसरा एका हॉलमध्ये शिरला. आत खुर्च्या, चहा, गंभीर चेहरे. भाऊजी भारावून बसले आणि कोण पुढं येतं असं अध्यक्षांनी विचारताच हात वर करून उभे राहिले. ती एका फ्लॅट स्कीमची वार्षिक सभा होती. टाकी साफ करून घेण्याचं काम त्यांच्यावर बिनविरोध आलं. दुपट्ट्यातला हा इसम दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू असेल, असं जो तो समजला. भाऊजींनी पुढं ती टाकी साफही करून घेतली.

त्यानंतरच्या रविवारी मी बगिच्याच्या फाटकाशी स्कूटरवर बसून होतो. भाऊजींना एक चाल पसंत पडली. तोही माणूस दुपट्ट्यातलाच. तो बगिच्याला चक्कर मारू लागला, भाऊजी मागं. एकदा तो माझ्यासमोरून जाई, मग भाऊजी, मग पुन्हा तो. ऊन चढलं तरी दोघं फिरतच होते. शेवटी तो थांबला आणि वळला.

"भाऊ, कव्हा पोचवता गा? मी मघापासून तुमच्या मागं फिरून राहिलो."

भाऊजी चक्रावले. "मी तुमच्या मागं आहो."

तो हिंगण्याच्या एका कारखान्यात कामाला होता, तोही मीटिंगच शोधत होता आणि त्यालाही विचारायची लाज वाटत होती. दोघं कठड्यावर बसले. मग भाऊजी उठले, कोपऱ्यावरच्या तर्री-पोह्याच्या ठेल्यापाशी गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी पत्ता विचारला, तोही इतक्या हळू की पोहेवाल्याला कान पुढं करावा लागला. त्यानं समोरच्या शाळेकडे बोट केलं. "मागच्या खोलीत. जा लवकर, चहा होऊन राहिला असन."

त्या खोलीत भाऊजी अजून जातात. पीत नाहीत. मात्र दर रविवारी ते लवकर येऊन बगिच्याभोवती सावकाश चकरा मारतात. कोणी लाजरा मागं लागला तर त्याला पोचवायचं म्हणून. मागं पावलं वाजली तरी ते वळत नाहीत, माणूस बिचकतो म्हणे. असे काहीजण खरंच आले. एक पेन्शनर तर आयुष्यात कधी न पिता आला आणि चहा आवडला म्हणून अजून येतो.

हे मी ताईला फोनवर सांगितलं. मग एका रविवारी सकाळी तिनंच मला बसस्टँडवर बोलावलं. बगिच्याशी पोचलो तेव्हा भाऊजी चक्कर मारत होते. ताईनं बॅग माझ्या हातात दिली आणि ती त्यांच्या मागून चालू लागली. पावलं ऐकून भाऊजींनी चाल आणखी हळू केली. शाळेच्या फाटकाशी थांबून, मागं न बघता, ते समजुतीनं म्हणाले, "या. पयल्या दिवशी मले बी लाज वाटली होती."

"तुम्ही जाऊन बसा," ताई म्हणाली. "घरची किल्ली द्या. मी चहा मांडतो."

भाऊजी वळले. किल्ली त्यांना सापडेना. सगळे खिसे झाले, पुन्हा पहिल्यापासून झाले. या माणसाला मी जन्मभर हसलो, पण त्या क्षणी माझ्याच्यानं त्यांच्याकडे बघवेना. अखेर किल्ली मिळाली. तिच्या हातात देऊन ते आत गेले.

ताई स्कूटरवर मागं बसली. घरी दूध असेल का, तिनं विचारलं. मला ठाऊक नव्हतं, आणि ते विचारायला भाऊजींना मीटिंगमधून उठवावं असं आम्हा दोघांनाही वाटलं नाही. वाटेत दूध घेतलं आणि घरी गेलो.