कुसुमबाईंचे कान

हे मी यास्मिनलाही सांगितलेलं नाही. यास्मिन माझी बायको. माझ्या पगारापासून पोटदुखीपर्यंत सगळं तिला ठाऊक असतं — हे एक सोडून. नमाजनंतर हात वर करतो तेव्हासुद्धा हे नीट शब्दांत मांडलेलं नाही, नुसतं भोवती भोवती फिरलो. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही आमच्या गल्लीत राहत नाही. आणि तरी हात गार पडलेत माझे — भर मे महिन्यात, चंद्रपुरात. हसू नका.

मी सलीम. ऊर्जानगरच्या वीज केंद्रात कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्यावर मेकॅनिक आहे. आमच्या क्वार्टरांची ओळ अगदी शेवटची. तिच्या मागे भिंत, भिंतीमागे जंगल. बिबट आमच्याकडे बातमी होत नाही, तो भिंतीवरून येतो, पाहतो, बहुतेक वेळा निघून जातो. वाघ म्हणा नाही तर वाघ्या म्हणा, खायचा तो खातोच — पण आमच्या ओळीनं त्यावर एक उपाय काढला होता. कडुनिंबाला रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला. दिवेलागणीपासून जेवणं होईपर्यंत एकेका घरातल्या माणसानं पाळीपाळीनं त्याच्याजवळ बसायचं. बिबट पाहून वानरं खॅक-खॅक करायला लागली, की उठून लोखंडी सळईनं रूळ बडवायचा. बाहेर जो असेल त्यानं जवळच्या घरात शिरायचं, घर कोणाचंही असो.

आता हे नीट ऐका, कारण सगळं यावरच आहे. रूळ वाजला तर आत जायचं — आणि नाही वाजला तर घाबरायचं नाही. दुसरी गोष्ट कोणी तोंडानं बोललं नव्हतं. पण सगळे पाळत होते. नाही तर संध्याकाळ झाली की माणसानं दारच उघडलं नसतं.

माझ्या समोरच्या क्वार्टरात कुसुमबाई राहतात. माझ्यासोबत पट्ट्यावर काम करणाऱ्या प्रकाशची आई. चामोर्शीकडच्या एका खेड्यातल्या. सगळी उमर धानाच्या राखणीत गेली, मचाणावर बसून अंधारात रानडुक्कर कोणत्या बांधानं येतंय ते त्या नुसत्या कानांनी सांगायच्या. लेकाकडे राहायला आल्या तरी ते कान तसेच. कोणाची गाडी वळणावर आली ते न पाहता ओळखायच्या. माझ्या गाडीची चेन कुरकुरते यावरून तर त्यांनी माझी पार लाज काढली होती — दुनियेचे पट्टे दुरुस्त करणारा मेकॅनिक, आणि स्वतःच्या चेनीला थेंबभर तेल नाही! मी हसायचो. मला आवडायचं ते. पाऊस येण्याआधी, बस येण्याआधी, पाहुणा येण्याआधी सगळी गल्ली बाईंना विचारायची. त्या कानांवर त्यांची ऐट होती. म्हाताऱ्या माणसाजवळ ऐट करण्यासारखं आणखी काय उरतं?

आणि माझ्याजवळ होता एक खेळ.

चाळिशीचा बाप्या मी, सांगायला लाज वाटते. हातात मावणारं एक यंत्र, दुसऱ्याचं वापरलेलं, नागपूरहून आणलेलं. यास्मिनला वाटलं होतं मी ते विकून टाकलं. त्यात एक खेळ नव्हता, खेळांचं गाठोडं होतं — प्रत्येक खेळ डोळ्याची पापणी लवेपर्यंतचा. पडणारा आंबा झेला. संपला. शिंक आवरा. संपला. धावत्या कोंबडीला टोपलीखाली घाला. संपला. वेग वाढत जातो, विचार करायला जागाच उरत नाही, म्हणूनच बहुधा मला तो आवडायचा. दिवसभर पट्ट्याच्या आवाजात डोकं भणभणलेलं असतं हो. आणि हे सगळं पार केलं, की शेवटी येतो बॉस. एक भला थोरला बॉक्सर. लाल हातमोजे, मान नाहीच. ठोसा मारण्याआधी त्याची एक भुवई हलते — डावी हलली तर उजवीकडे झुका, उजवी हलली तर डावीकडे, आणि त्याचा ठोसा हुकताच मारा. तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीपर्यंत मी कधी पोचलोच नव्हतो.

त्या संध्याकाळी पोचलो.

पाळी माझी होती. कडुनिंबाखालच्या दगडावर मी बसलेलो, रूळ डोक्यावर, सळई मांडीला टेकलेली, यंत्र हातात. घराघरात कूलर घोंघावत होते, आमच्याकडच्या उन्हाळ्यात कूलर लागला की आतल्या माणसाच्या कानाशी ढोल वाजवा, त्याला कळत नाही. गल्लीत फक्त कुसुमबाई होत्या. अंगणात बाजेवर जुनं लुगडं पसरून कुरड्या वाळत घातल्या होत्या, त्या गोळा करत होत्या.

वानरं ओरडली.

मी ऐकलं. ऐकलं नाही असं सांगून सुटता आलं असतं, पण ऐकलं. भिंतीपलीकडच्या झाडावरून — खॅक. मग परत. बॉक्सरची डावी भुवई हलली. मी उजवीकडे झुकलो. मनात म्हटलं, एक मिनिट. एवढी फेरी. कुत्रं असेल, कुत्र्यावरही ओरडतात. तेव्हापासून मी स्वतःला सांगत आलो, की बॉस आला की तो खेळ थांबवता येत नाही, थांबवला तर पहिल्यापासून — खोटं आहे. थांबवता येत होता. बटण होतं, अंगठ्याखालीच होतं.

मग बाईंची किंकाळी आली.

पुढचं मला तुटक तुटक आठवतं. बाज उलटलेली. बाई तिच्याखाली. बाजेवर पिवळं काहीतरी, आणि त्याचा पंजा बाजेच्या दोरात अडकलेला, आणि ते सोडवायला तो जो हिसके देत होता तो आवाज. मी त्याच्याकडे धावलो नाही. हात मात्र हलला. मी सळई घेतली आणि रूळ बडवला, डोळे मिटून बडवला, हाताची सालं निघेपर्यंत. डोळे उघडले तेव्हा भिंतीवरून शेपटी जाताना दिसली. दारं उघडत होती, लोक धावत होते, आणि मी बडवतच होतो.

प्रकाश माझ्याजवळून पळता पळता ओरडला, "कवाचे वाजवून राह्यले भाऊ? कूलरमंधी काईच आयकू नाई आलं."

मी म्हणालो, "हो."

बस. एवढंच. मी काही रचलं नव्हतं, ते समोर आलं आणि मी त्यात शिरलो — जवळच्या घरात शिरावं तसा. यंत्र दगडामागे पडलं होतं. ते उचलायला वाकलो तर पडद्यावर तो बॉक्सर दोन्ही हात वर करून नाचत होता. मी ते शर्टाच्या आत घातलं. छातीला चटका बसावा इतकं ते गरम झालं होतं.

बाई वाचल्या. बाजेनं वाचवलं. खांद्यापासून कोपरापर्यंत टाके पडले, पण वाचल्या. गल्लीत माझं नाव झालं — सलीमनं जागेवरून न हलता रूळ वाजवला म्हणून बिबट पळाला. वनखात्याचा माणूस विचारायला आला, त्यालाही मी तेच सांगितलं. तोवर ते सवयीचं झालं होतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भरदुपार होती, कोणी माझ्याकडे दोन क्षण जास्त पाहिलं तरी मी काहीतरी काम काढून निघून जायचो. आता विचारतील, आता विचारतील. कोणी विचारलं नाही.

विचारलं फक्त बाईंनी. दवाखान्यात. बाकीचे चहाला गेले होते, मी आणि त्या दोघंच. आवाज खोल गेलेला.

"सलीमभाऊ, वानरं मले आयकू आले होते. मी रुळाची वाट पाहून राह्यली होती. रूळ काऊन नाई आयकू आला मले?"

कळलं तुम्हाला? त्यांनी ओळखलं होतं. त्यांचे कान अगदी बरोबर होते. पण रूळ वाजला नाही म्हणून त्यांनी आपल्या कानांपेक्षा माझ्यावर भरवसा ठेवला, आणि कुरड्या गोळा करत राहिल्या.

त्या वेळी बोलायचं होतं. तिथं कोणी नव्हतं. त्या बहुतेक रागावल्याही नसत्या — याची मला जास्त भीती वाटली.

मी म्हणालो, "वाजवला होता बाई. पहिलेच वाजवला होता."

त्यांनी वरच्या पंख्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "मंग माहे कानच गेले."

बिबट्यानं त्यांचा हात फाडला, तो भरला. हे भरलं नाही. डॉक्टरांनी तपासलं, वयाच्या मानानं कान उत्तम म्हणाले. बाईंना पटेना. बंद खोलीतली पिपाणी ऐकू आली म्हणजे काय झालं, समोरचा रूळ आला का ऐकू? शेवटी प्रकाशनं कानाचं मशीन घेऊन दिलं. ते शिट्ट्या मारतं. दर हंगामात धानाच्या राखणीला अजून गावी जायच्या, ते बंद झालं — बहिरी बाई कशाला पाहिजे राखणीला, असं त्याच म्हणतात. बस आली का, हे आता त्या दुसऱ्याला विचारतात. लोक त्यांच्याशी मोठ्यानं बोलतात, पोरं तर ओरडतात, आणि त्या मान हलवतात, ऐकू आलेलं असतं तरी. माझी चेन अजून कुरकुरते. आता कोणी काही बोलत नाही.

मी भित्रा झालोय. माझ्या पाळीला कुत्रं भुंकलं तरी रूळ बडवतो, गल्लीतले चिडवतात, सलीमभाऊ, मांजरीले तरी जाऊ द्या. अंधार पडायला लागला की मला बिबट्याची भीती नाही वाटत. समोरच्या दाराची वाटते. बाई दारात येऊन बसतील, परत तोच प्रश्न विचारतील, आणि मी परत तेच उत्तर देईन. देईनच. हे मला पक्कं ठाऊक आहे, त्याचीच भीती वाटते.

परवा माझी पाळी होती. बाई दारात बसलेल्या. भिंतीपलीकडे वानर खाकरलं — अगदी हलकं, एकदाच. मला जेमतेम आलं ऐकू. पण माझ्याआधी बाईंची मान वळली होती. बरोबर त्याच झाडाकडे. क्षणभर त्यांचा चेहरा जुना झाला, मचाणावरचा. मग त्यांनी रुळाकडे पाहिलं. मी सळई घेऊन उठत होतो, अजून वाजवला नव्हता. तेवढ्यात त्यांनी कानातलं मशीन काढलं, तळहातावर आपटलं, परत घातलं, आणि मला हातानं खूण केली — हे मशीनच वाजून राह्यलं, सेल संपला वाटते.

मी रूळ वाजवला. बाई घाईनं उठून आत गेल्या.

काल ड्यूटी संपल्यावर मी चंद्रपूरला गेलो आणि त्यांच्या मशीनचे सेल आणून दिले. नेहमी मीच आणतो.