मऊ झालेले हात

भाचीने इटलीहून हाताला लावायचं क्रीम आणलं. डबीवर 'मोर्बिदो' असं लिहिलेलं. "म्हणजे मऊ," ती म्हणाली. मला शब्द उकरायची खोड आहे. शोधलं, तर मूळ निघालं लॅटिनमधल्या 'आजारी' या अर्थाच्या शब्दात. आधी आजारी, मग नाजूक आणि मग मऊ, असा तो शब्द बदलत आला. वाटेत दुखणं विसरलं गेलं आणि फक्त स्पर्श उरला.

संध्याकाळी तेच क्रीम मी अप्पांच्या तळव्यांना चोळत होते. माझ्या वडिलांनी जन्मभर सुतारकाम केलं. लहानपणी त्यांनी गालावरून हात फिरवला की खरखरीत लागायचं आणि मी तोंड फिरवायचे. आता चार महिने ते अंथरुणावर आहेत. हातावरचे घट्टे कधी गेले, ते कळलंही नाही.

"किती मऊ झालेत हो तुमचे हात," मी कौतुकाने म्हणाले.

अप्पांनी तळवे निरखून पाहिले, जणू दुसऱ्याच कुणाचे आहेत.

"कपाटावरचा माझा रंधा दे गं जरा."

मी दिला. तो त्यांना पेलेना. पण रात्रीच्या जेवणापर्यंत त्यांनी तो मांडीवरून खाली ठेवू दिला नाही.