रिकामं पोतं
गोणपाटाचा वास आला की जालना एमआयडीसीतला तो बियाण्यांचा कारखाना आठवतो. तेव्हा मी सुट्टीवर घरी आल्तो, पण डोकं ऑफिसात आम्ही बनवत असलेल्या कॉम्प्युटर चिपमध्येच अडकलं होतं. तिच्यात डेटा एका तारेनं यायचा, ठेका देणारं क्लॉक दुसऱ्या तारेनं, आणि वेग वाढवला की दोघांची चुकामूक व्हायची. वडील त्या कारखान्यात हमाल; त्यांचा डबा घेऊन गेलो, तर हमालांची रांग हातोहात पोती सरकवत होती. शिट्टी नाही, हाळी नाही. हातात पडणारं पोतंच ठेका देत होतं. मध्येच माल खुंटला, तसं वडलांनी चक्क रिकामं पोतं पुढं दिलं. "हे कशाला?" मी विचारलं. "हात थांबले की ताल तुटतो, मंग पुढचं पोतं पायावर पडतं." परत गेल्यावर आम्ही क्लॉकची तार काढून ठेका डेटातच गुंफला, डेटा नसला तरी रिकामे ठोके पाठवत राहिलो. चिप चालली. आता वडील थकलेत, घरीच असतात. रोज संध्याकाळी त्यांचा फोन येतो. उचलला तर म्हणतात, "काई न्हाई, असंच केल्ता." हल्ली मी इतका दमलेला असतो की तो नुसता वाजू देतो. रिकामं पोतं पुढं आलेलं असतं, आणि मी हात खाली सोडून बसलेला असतो.